लेकरं दुःख अंगावर काढतात तेव्हा

कपाशीचे पान लाल पडायला लागले की आपण बांधावरच थांबतो. लाल्या आला, की नुसता पाण्याचा ताण? शेजाऱ्याला विचारतो, पान तोडून कृषी केंद्रात नेऊन दाखवतो. पण घरातले पोरगे महिनाभर धड जेवत नाही, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत नाही, हाक मारली तर ओ देत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘वयच तसं हाय, होते असं.’ शेतकरी बंधूंनो, पानाकडे जेवढे लक्ष देता तेवढे तरी लेकराकडे द्या, एवढेच आज सांगायचे आहे.

विषय नाजूक आहे. शाळा-कॉलेजात जाणारी मुलेमुली स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करून घेतात. कोणी अंगावर जखमा करते, कोणी रागाच्या भरात भिंतीवर हात आपटते, कोणी घरातले काही घेऊन जिवावर बेतवते. गावात याचा उच्चार होत नाही. ‘पाय घसरला’, ‘चुकून झालं’ असे सांगून घरची माणसे विषय मिटवतात. पोरीचे लग्न व्हायचे असते, घराण्याचे नाव असते. त्यामुळे जे लेकरू एकदा वाचले, त्याच्याशी पुढे कोणीच बोलत नाही. धोका नेमका इथे आहे.

आकडे काय सांगतात?

वऱ्हाडाला शेतकरी आत्महत्या नवीन नाहीत. त्यावर मोर्चे निघाले, पॅकेज आले, समित्या येऊन गेल्या. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा 2022 सालचा अहवाल उघडून पाहा. त्या वर्षी देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून 11,290 जणांनी जीवन संपवल्याची नोंद आहे. त्याच वर्षी विद्यार्थ्यांची संख्या होती 13,044. त्यातले 1,764 विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. एका दुःखाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. पण सात-बारा ज्याच्या नावावर आहे त्याची आपण निदान चर्चा तरी करतो. दप्तर ज्याच्या पाठीवर आहे त्याची चर्चाही होत नाही.

हे आकडे फक्त गेलेल्यांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अशा एका मृत्यूमागे साधारण वीस जणांनी तसा प्रयत्न केलेला असतो. आणि मरायचे नसतानाही अंगाला इजा करून घेणारी मुले तर कोणत्याच वहीत येत नाहीत.

इजा करून घेतात तरी काहून?

मोठ्या माणसाला हे उमजत नाही. ज्याला साधा काटा टोचला तर सहन होत नाही, तो स्वतःला दुखापत कशाला करील? म्हणून आपण सोपे उत्तर शोधतो. ‘नखरे आहेत’, ‘धमकी देते’, ‘मोबाईल पाहून शिकलं’.

मनाचे डॉक्टर वेगळे सांगतात. अशा मुलाच्या मनात एवढे काही साचलेले असते, की ते सोसवत नाही आणि बोलताही येत नाही. अंग दुखले की थोडा वेळ मनाचे दुखणे मागे पडते. काहींना तर आतून सगळे सुन्न झाल्यासारखे वाटते. दुखले की निदान आपण जिवंत आहो एवढे कळते. काही जण स्वतःवरच चिडलेले असतात, आपल्याला शिक्षा व्हायला पाहिजे असे त्यांना वाटते. आपल्याकडे ताप-खोकला दवाखान्यात न जाता तसाच सोसला तर ‘अंगावर काढला’ म्हणतात. ही लेकरे दुःख अक्षरशः अंगावर काढतात. थोड्या वेळाचा उतार पडतो, मूळ दुखणे जागच्या जागी राहते, म्हणून पुन्हा तेच होते.

सगळ्यांनाच मरायचे असते असे नाही. पुष्कळ मुलांना फक्त त्या क्षणातून सुटायचे असते. पण म्हणून ते हलक्यावर घेऊ नये. जे मूल पुन्हा पुन्हा इजा करून घेते, त्याच्या जिवाला पुढे धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे जगभर दिसून आले आहे. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. वेळेवर आधार मिळाला तर बहुतेक मुले यातून बाहेर पडतात आणि चांगली संसाराला लागतात.

याची सुरुवात बहुधा बारा ते चौदा या वयात होते. या वयात भावना जोरात धावतात आणि त्यांना आवरणारा मेंदूचा भाग मात्र पुरता तयार झालेला नसतो. तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. गोऱ्हा नवा, अंगात रग भारी आणि कासरा ढिला, असे समजा. त्यामुळे आपल्याला चिल्लर वाटणारी गोष्ट त्याला जगबुडी वाटते. त्याचे नाटक नसते, त्याला खरेच तसे वाटते.

एकच कारण शोधू नका

काही घडले की गावात दुसऱ्या दिवशी कारण ठरते. ‘नापास झाला म्हणून’, ‘बाप बोलला म्हणून’. खरे तर एका कारणाने असे होत नाही. पाणी बरेच दिवस आत मुरलेले असते, शेवटची सर फक्त निमित्त होते.

आपल्या दर्यापूर भागाचेच घ्या. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, बरेचसे शेत पावसाच्या भरवशावर. कापूस, सोयाबीन, तूर हातात आली तर आली, नाही तर वर्ष कोरडे. दहावी-बारावीचे निकाल लागतात तो काळ पाहा. त्याच दिवसांत बी-बियाणे घ्यायचे असते, बँकेत नवे-जुने करायचे असते, सावकाराकडे जायचे असते. बाप आधीच वैतागलेला, माय गप्प. अशात पोराचे गुणपत्रक घरात येते. पोरगे मनात हिशेब करते, की आपल्या क्लासच्या फीपायी यांनी तूर विकली आणि आपण ही टक्केवारी आणली. ते बोलत नाही, पण त्याला घरातले कर्ज पुरते ठाऊक असते.

मुलींचे ओझे आणखी वेगळे असते. शाळा सुटेल आणि लग्न ठरेल ही धास्ती. एसटी स्टँडवर कोणी त्रास देते, पण घरी सांगितले तर आपलेच शिक्षण बंद होईल म्हणून सांगायची चोरी. मुलामुलींची मैत्री कळली की सगळ्या गल्लीसमोर होणारी शोभा. जवळच्याच माणसाकडून झालेला अत्याचार. याशिवाय बापाची दारू, वर्गात सगळ्यांसमोर झालेला अपमान, जातीवरून मारलेला टोमणा, कोणीतरी मोबाईलवर फिरवलेला फोटो. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, की लेकरू कोंडीत सापडते.

या खुणा पाहा

पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त दिसल्या तर लक्ष घाला. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे. जेवण तुटणे. मित्रांत, खेळात, गणपती-पोळ्यातही मन न रमणे. अंग सतत झाकून ठेवणे, जखमेचे कारण दर वेळी वेगळे सांगणे. शाळेत एकाएकी मागे पडणे. ‘मी नसलो तर तुमचा खर्च वाचन’ असे बोलणे. आवडत्या वस्तू दुसऱ्याला वाटून टाकणे. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बोला.

मुलगा आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. ‘मर्द गडी असा रडते काय’ म्हटले की तो रडणे थांबवतो, दुखणे थांबत नाही.

पहिला शब्द कोणता?

समजा, तुम्हाला लेकराच्या हातावर खुणा दिसल्या. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय बोलता, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे.

‘लाज नाई वाटली काय? आमचं नाव घालवलं!’ असे म्हटले, की ते पुढच्या वेळी अधिक लपवील. मारले तर ते पुन्हा तुमच्याजवळ येणार नाही. शपथ घालून ‘पुन्हा करणार नाई’ असे कबूल करून घेतले तर ते कबूल करील, पण दुखणे तसेच राहील.

त्यापेक्षा जवळ बसा. आवाज खाली ठेवा. ‘बाळा, हे पाहून मले लय वाईट वाटलं. तुह्या मनात काय चाललं हाय ते सांग. मी रागावत नाई, मी आहो इथं.’ एवढे पुरे आहे. मग गप्प राहून ऐका. मधेच उपदेश नको, आपल्या काळच्या हालअपेष्टांची कहाणी नको, शेजारच्या पोराचे टक्के तर मुळीच नकोत. लगेच बोलले नाही तर ‘बरं, तुले वाटलं तवा सांग, मी जागाच हाय’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. काही मुले आईबापाशी बोलत नाहीत; आजीशी, मावशीशी, एखाद्या गुरुजींशी बोलतात. तिथे मान-अपमान धरू नका. ज्याच्याशी बोलते त्याच्याशी बोलू द्या.

बऱ्याच जणांना भीती असते, की ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येते काय?’ असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घुसेल. ही भीती खोटी आहे. सरळ, मायेने विचारल्याने विचार शिरत नाही. उलट मनावरचा दगड हलका होतो. आपल्याच मुलखात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. घरातही प्रवचन कमी आणि विचारपूस जास्त हवी.

उत्तर ‘हो’ आले तर तीन गोष्टी करा. लेकराला एकटे ठेवू नका. घरात धोक्याचे जे असेल ते दूर करा. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फवारणीचे औषध कुठे ठेवता?

हा प्रश्न खास शेतकऱ्यांना. फवारणी झाली, अर्धा डबा उरला, तो कोनाड्यात, माळ्यावर किंवा खाटेखाली गेला. असे आपल्याकडे घरोघर आहे. मनात वादळ उठते तो काळ पुष्कळदा थोडाच असतो. तो टळला की माणूस सावरतो. त्या वेळी विष हाताशी नसणे यावर जीव वाचणे अवलंबून असते.

श्रीलंकेचे उदाहरण पाहा. तिथे 1995 नंतर अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्येचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. त्याच देशात घरोघर कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या. 2017 साली त्याचा निष्कर्ष आला, की नुसत्या पेट्यांनी फरक पडला नाही. पेटी घरातच आणि किल्ली खुंटीला, मग उपयोग काय? तामिळनाडूत काट्टुमन्नारकोईल भागात मात्र वेगळा प्रयोग झाला. गावाच्या एका सामाईक ठिकाणी कप्पे केले, प्रत्येक शेतकऱ्याने आपले औषध तिथे ठेवायचे आणि लागेल तेव्हाच न्यायचे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा परिणाम आशादायक दिसला.

आपल्या ग्रामपंचायतीला हे अशक्य आहे काय? एक पक्की खोली, कप्पे, नोंदवही आणि जबाबदार माणूस, एवढेच लागते. तोवर शेतकऱ्याने लागेल तेवढेच औषध आणावे, उरलेले घरात ठेवू नये.

आणि कोणी काही घेतल्याची नुसती शंका जरी आली, तरी मिठाचे पाणी, ताक, ओकारी काढणे असले घरगुती उपाय करत बसू नका. लेकरू चांगले दिसते म्हणूनही थांबू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या, डबा सोबत न्या. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

पोलीस पाटील, सरपंच यांच्यासाठी

‘केस होईल’ या भीतीने पुष्कळ घरे दवाखाना टाळतात. ही भीती आता जुनी झाली. जुन्या भारतीय दंड विधानात 309 कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 115 व्या कलमाने सांगितले, की असा माणूस तीव्र तणावाखाली आहे असेच धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते जुने 309 कलम ठेवलेलेच नाही. दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते, जबाब होतो, हे खरे. पण घाबरायचे कारण नाही. पोलीस पाटलांनी हे गावात समजावून सांगावे. एवढ्या एका माहितीने जीव वाचू शकतो.

शाळेची जबाबदारी

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. छडी बरीच कमी झाली, पण वर्गासमोर उभे करून ‘तुह्या बापानं कधी शाळा पाहिली काय?’ म्हणणे कमी झाले काय, हे गुरुजींनी स्वतःला विचारावे.

बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत थोडे प्रशिक्षण दिलेला खास माणूस नेमला, काहींत तेच काम आहे त्या शिक्षकांवर सोपवले. जिथे खास माणूस होता, तिथे मुलांतली निराशा आणि दादागिरी कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. जिथे शिक्षकांच्याच माथी काम मारले, तिथे फारसा फरक दिसला नाही. शिक्षकाला जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती हे सगळे आहेच; त्यात हेही टाकून भागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी निकाल देताना शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे बजावले आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संपर्क ठेवायचा आहे. शिवाय 2022 च्या शासन निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमायची आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढेच विचारावे, की आपल्या शाळेत या दोन्ही गोष्टी आहेत काय, की कागदावरच आहेत? तक्रारपेटी शेवटची कधी उघडली?

नापास झालेल्यांना मुख्याध्यापकांनी निकालाच्याच दिवशी सांगावे, की वाट बंद झालेली नाही. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येते. ही माहिती पोराला निकालाआधीच असावी.

गावातलीच माणसे हे करू शकतात

‘आपल्या खेड्यात मनाचे डॉक्टर कुठून आणायचे?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर विचारपूस, समुपदेशन, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणी, असे काम झाले. आधी निराशेचा आजार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार माणसे उपचाराला जात. दीड वर्षाने ती सत्तावीसवर गेली. जीव नकोसा झाल्याचे सांगणारेही निम्म्यावर आले. 2017 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या जगन्मान्य नियतकालिकात हे छापून आले. प्रकल्प मोठ्या माणसांसाठी होता, पण शिकवण मुलांनाही लागू आहे. कोणीतरी दारात येऊन विचारले, की माणूस बोलतो.

शासनाच्या प्रेरणा प्रकल्पातही आशाताईंनी शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस केली. तीच आशाताई बापाला विचारते तेव्हा शेजारी बसलेल्या पोरालाही दोन शब्द विचारू शकते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी तिला तेवढा वेळ आणि मान द्यावा.

कुठे जावे, कोणाला विचारावे?

दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. दर्यापूरच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. पुढचा उपचार लागला तर अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे. मनाच्या डॉक्टरकडे गेले म्हणजे पोरगे वेडे ठरत नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलेला प्रत्येक जण आंधळा असतो काय?

घरून निघणे जमत नसेल तर फोन आहे. टेली-मानसचा क्रमांक 14416. ही सरकारी सेवा 2022 साली सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मूल स्वतः फोन करू शकते, आईबापही करू शकतात. मुलांवर अत्याचार होत असेल तर 1098.

हे दोन आणि 108 असे तिन्ही क्रमांक शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कृषी केंद्राच्या दारात आणि एसटी थांब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रंगाचा एक डबा आणि दुपारभराचे काम आहे. आणि आज रात्री जेवताना टीव्ही बंद करून लेकराला एक प्रश्न विचारा. अभ्यासाचा नको, टक्क्यांचा नको. ‘कसं चाललं हाय रे बाबू?’ एवढाच. उत्तर येईपर्यंत मात्र उठू नका.